उपाशी धार

नुजहत उमरखेडला एसटीतून उतरली तेव्हा ऊन रणरणत होतं. बहमनी काळातली साधी माणसं घरात कसल्या सुऱ्या वापरत, कशानं कापून खात, यावर ती कित्येक वर्षं काम करत होती. तलवारींवर लिहिणाऱ्यांच्या गळ्यात हार पडत. तिचा विषय ऐकून लोक हसत. ‘भाजी चिरायच्या सुरीवर पीएचडी?’ असं तिचे मार्गदर्शकच चारचौघांत म्हणाले होते. तो कडवटपणा तिच्या जिभेवरून कधी गेलाच नाही.

पैनगंगेकाठच्या एका गावात मारोती नावाच्या माणसाला संडासाचा खड्डा खणताना एक जुनी सुरी सापडली होती. ती पाहायला नुजहत त्याच्या घरी पोचली, तेव्हा तो वावरात गेलेला होता. त्याच्या बायकोनं, सत्यशीलानं, सुरी आणून दाखवली. हाडाची मूठ, अरुंद पातं, घासून घासून मधोमध आत गेलेली धार. चौदाव्या शतकाअखेरच्या दुर्गादेवीच्या दुष्काळाच्या आसपासची असावी. इतकी शतकं मातीत राहूनही गंजाचा ठिपका नव्हता.

“वापरता की काय ही?”

“रोज,” सत्यशीला म्हणाली. “दुसऱ्या सुरीनं चिरलेलं आता कोणाच्याच गळ्याखाली उतरत नाही.”

आतल्या खोलीतून बाज करकरली. उपाशी तोंडाला येतो तसा आंबूस वास बाहेर आला. नुजहतनं वाकून पाहिलं. मारोतीची म्हातारी आई बाजेवर पडली होती. गोधडीखाली अंग आहे, हेही कळत नव्हतं. डोळे तेवढे सुरीवर.

“बिमार आहेत का?”

“नाही.” सत्यशीलाचा आवाज खाली गेला. “हे सुरी घरात आली तवापासून अन्न पुरेच ना. कितीबी रांधा... सगळे उपाशीच उठत. लेकरं रातभर रडत. मंग एक दिवस बुढी जेवली नाही... अन् सगळ्याइचं पोट भरलं.”

“आणि तेव्हापासून तुम्ही त्यांना...”

“तुमी काय केलं असतं, मॅडम? लेकराले ठेवलं असतं उपाशी?”

नुजहतला संताप आला. कोपऱ्यात पपई होती. तिनं त्याच सुरीनं ती चिरली आणि म्हातारीला एकेक फोड भरवली. म्हातारीनं अधाशासारखी खाल्ली. शेवटची फोड नुजहतनं स्वतः तोंडात टाकली. इतकं गोड तिनं जन्मात खाल्लं नव्हतं.

सत्यशीलानं तिला अडवलं नाही. फक्त पुटपुटली, “आता कोणाचा वाटा जाईन...”

“ही मी घेऊन जाते,” नुजहत म्हणाली.

सत्यशीलानं सुरी पदराआड धरली. “मंग आमी जेवू कशानं?”

यवतमाळला, लोहाऱ्यातल्या घरी ती रिकाम्या हातानं पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. मारोतीच्या घराबद्दल ती कोणापाशी बोलली नाही. तिनंच सगळ्यांना वाढलं. भाऊ साजिद, भावजय गझाला, पोरं, सगळे मन लावून जेवत होते.

“आज सालन में क्या डाला?” साजिद रश्शाची बोटं चाटत म्हणाला.

नुजहतनं दुसऱ्यांदा घेतलं. मग तिची नजर भिंतीकडे गेली. अम्मी टेकून बसली होती. तिच्यासमोर ताट नव्हतं.

“अम्मी... आपकी थाली...”

अम्मीनं हात वर करून तिला थांबवलं. अम्मीची मराठी बाजारातल्या भावापुरती. वाचता तर अक्षरही येत नव्हतं. पण तिच्या कोरड्या ओठांतून जे शब्द आले, ते नुजहतनं फक्त त्या सुरीच्या काळातल्या शिलालेखांत वाचले होते.

“जेवा... माझा वांटा तुम्हांसि दिधला.”

कोणी मान वर केली नाही. नुजहतला उठायचं होतं, ताट आणायचं होतं. तिचा हात मात्र पुढच्या घासाकडे गेला होता.