तुमचंच लेकरू

मनिषाला वाटलं होतं, रणभूमी म्हणजे मोकळं माळरान असेल. मधोमध दगडी स्तंभ, त्यावर कोरलेली नावं. समोर होता ऊस. डोक्याच्या वर गेलेला, या बांधापासून त्या बांधापर्यंत.

व्यंकटीकाकांनी ही गोष्ट बिलोलीत, लाईट गेलेली असताना, विहाराच्या पायरीवर बसून पोरांना सांगितली. "ऐकीव न्हाई बरं. आपल्या गल्लीतल्या रविकांतची बहीण ती. तिच्याच तोंडून ऐकलंय."

मनिषा दिल्लीत शिकून गावी परतली होती. आल्या आल्या भाच्यानं तिला गाठलं. शाळेत मातीचा किल्ला करताना एका पोरानं सत्यमला विचारलं होतं, "तुमचं कोण लढलं होतं रे?" आठ वर्षांच्या सत्यमला उत्तर देता आलं नव्हतं. "आत्या, आपलं कोणच नव्हतं का?"

मनिषा पेटली. "होतं! चल, दाखवते."

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावस्येच्या सुट्टीला तिनं भावाला गाडी काढायला लावली आणि तिघं उदगीरला गेले. मराठ्यांची आणि निजामाची लढाई झाली तो मुलूख पोराला दाखवायचा होता. किल्ल्यावर माहिती सांगणाऱ्यानं सरदार सांगितले, तोफा सांगितल्या. मनिषानं विचारलं, "आणि आमची माणसं?"

"असतील की म्याडम. घोड्याला गवत कोण कापत होतं मग?" तो हसला.

रविकांतनंही हसून घेतलं. "घे, मिळालं उत्तर. चल घरला."

"नाही दादा. रणभूमी राहिली."

ती रणभूमी म्हणजे हा ऊस. सत्यमनं काचेतून पाहिलं. मागच्या सीटवर आडवा होऊन झोपून गेला. आणि परतताना, त्याच उसाच्या कडेला, चाक बसलं. स्टेपनीत हवा नव्हती.

"शुक्रवार होता," काका म्हणाले. "येळवस म्हणजे अवसच. दिवसभर रानात जेवून लोक घरला गेलेले. अंधार पडत आलेला, रस्त्यावर चिटपाखरू न्हाई."

"काका, तुमच्या भुताला अवसच लागते का? पुनवंला सुट्टी असते त्याला?" पोरांतली सृष्टी म्हणाली. पोरं हसली.

"हस बाई. आत्ताच हसून घे."

रविकांत एका मोटारसायकलवाल्याच्या मागं चाक धरून बसला आणि फाट्याकडं गेला. मनिषा गाडीला टेकून उभी राहिली. थोड्या वेळानं ऊस सळसळला. वारा नव्हता. एक माणूस बाहेर आला आणि रस्त्याच्या पलीकडंच थांबला. कमरेला विळा.

"पाणी हाय का, माय?"

तिनं बाटली पुढं केली. तो हलला नाही. तिथंच उकिडवा बसला, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि तोंडाशी नेली.

"वरून घाला."

मनिषाच्या अंगाचा तिळपापड झाला. "बाबा, ते दिवस गेले. हातात घ्या बाटली."

"इटाळ हुईल, माय."

"मग मी नाही देणार. हातात घेऊन प्या, सगळी प्या."

तो तसाच बसून राहिला. हिरव्या गवताचा वास येत होता. उसाचा नाही, गवताचा.

"ऊसतोडीला आलात का?" तिनं विचारलं.

"न्हाई. फौजंचं गवत कापून राहिलो."

"कुणाच्या फौजेचं?"

"घोडं खातंय, माय. ते कुणाचं, आमाला कोण सांगतंय..."

तिला वाटलं, प्यालेला असेल. त्यानं मान वळवली. गाडीकडं पाहिलं.

"आत कुणाचं लेकरू?"

आता आपल्याकडं रीत काय? थोरानं विचारलं, की म्हणायचं, तुमचंच. मनिषाही तेच म्हणाली. पाणी नाकारलं होतं ते सलत होतं, म्हणून जरा मायेनंच म्हणाली.

"तुमचंच की, बाबा."

पायरीवरची पोरं एकमेकांजवळ सरकली.

"आमचं?"

"हो. तुमचंच."

तो उठला नाही. पण मागं उसात कुणीतरी हळू म्हणालं, "आमचं..." त्याच्या मागं आणखी कुणी. "आमचं..."

तिनं मोबाइलचा उजेड टाकला.

उसाच्या सऱ्यांत ओंजळी.

नुसत्या ओंजळी. कोरड्या...

ती गाडीत शिरली. दार लावलं. पोराला उराशी धरलं. रविकांत आला तेव्हा रस्ता रिकामा होता. त्यानं चाक बसवलं. सत्यम जागासुद्धा झाला नव्हता. रात्री ते उदगीरलाच लॉजवर थांबले.

सकाळी सत्यम उठला. "आत्या, पाणी."

तिनं ग्लास दिला. त्यानं घेतला नाही. दाराजवळ जाऊन उकिडवा बसला. ओंजळ केली. तोंडाशी नेली.

"वरून घाल."

रविकांतचा चेहरा उतरला. आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्या घरात कुणी तसं पाणी प्यालं नव्हतं. पोरानं ते कधी पाहिलंही नव्हतं.

"हातात घे, सत्यम."

पोरानं मान हलवली. ओठ सुकलेले. "इटाळ हुईल, माय."

माय. आत्या नाही.

"घाल की वरून," रविकांत रडकुंडीला आला. "एक डाव घाल. तहानलंय लेकरू."

"नाही."

तिनं ठरवलं. आता कुठला किल्ला नाही आणि घरही नाही. हा आपल्या हातानं ग्लास धरेल तेव्हाच इथून उठायचं, मग कितीही रडो. ती त्याच्यासमोर फरशीवर बसली आणि ग्लास पुढं केला.