डाव्या कानातलं

"ओ, गहू का ज्वारी?"

तीनदा विचारलं. डबा पुढं ठेवून गडी ढिम्म! तामलवाडीत आमची एकच गिरणी, तिथं एवढा भाव खाणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघत होते. माझं डोकंच सणकलं.

"मुकं हाय का काय बेणं!" मी ओरडले.

तो वळला. "उजवीकडून बोला. डावा कान गेलाय... सीमेवर गोळा शेजारीच पडला."

शिवानंद. गेल्याच आठवड्यात घरी परतलेला फौजी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तो रोजच यायला लागला. चिमूटभर दळण, अन् तासभर बसणं. एकदा विचारलंच. म्हणाला, "घरी शांत असलं की डोक्यातले आवाज सुरू व्हत्यात. तुमच्या गिरणीपुढं त्यांचं काय चालत न्हाय."

त्या दिवसापासून त्याचं दळण मी मुद्दाम सावकाश काढायची.

अन् खरं सांगू? त्याच्या डाव्या बाजूला उभी राहून मी वाट्टेल ते बोलायची. गिरणीच्या घरघरीत कुणाला कळणार होतं! "केस वाढलेत, न्हाव्याकडं जावा की राव"... एकदा पीठ झटकताना तो हसला, तर, "अगं बया, खळी पडती की मेल्याच्या गालाला!"... एकदा, "लई उशीर केलात आज. वाट बघून डोळं दुखलं."

दुसऱ्या दिवशी तो लवकर आला. मला वाटलं, सहजच.

काल मात्र डबा न घेताच आला. "पुण्याला जातोय, राजेश्वरी. वॉचमनची नोकरी हाय. इथं राहून तरी काय करू?"

तेवढ्यात लाईट गेली. गिरणी थांबली. बाहेर ट्रॅक्टरनं फाट्‌कन आवाज काढला, तसा तो दचकून थरथरला. मी पिठाचा हात त्याच्या हातावर ठेवला... त्यानं काढून घेतला नाही. हळूहळू त्याचा श्वास जाग्यावर आला.

मी डाव्या कानाशी पुटपुटले, "जाऊ नका ना... मला करमायचं न्हाय."

"बरं. न्हाय जात."

मी उडालेच. "म्हंजे... ऐकू आलं?"

"कान उघडायलाय थोडा थोडा."

"अन् कधीपासून?"

त्यानं हातावरचं पीठ झटकलं.

"खळीपासून."

अन् मेल्याच्या गालाला परत खळी पडली.