चाळीस दोऱ्यांचा शोध

माणसामाणसांतल्या भिंती पाडायची ताकद दोन मीटर दोरीत असते, यावर मामाची अढळ श्रद्धा होती. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मात्र ती दोरी सापडत नव्हती.

"नीट बघ ना, मामा!" ताई म्हणाली.

"रिकामी पिशवी अजून किती नीट बघू?" मामाने निळी पिशवी उलटी करून झटकली. तिच्यातून एक जळकी काडी पडली. बाकी काही नाही!

मामा शाळेत चित्रकला शिकवायचा, पण त्याचा खरा जीव दोरीच्या आकृत्यांत. दोरीची दोन टोकं जोडून एक कडं करायचं, ते बोटांत अडकवायचं, इकडची दोरी तिकडे करायची, की शिडी होते, जाळं होतं, उडणारा पक्षी होतो. यावर त्याने एका मासिकात लेख लिहिला होता. आश्चर्य म्हणजे, तो कुणीतरी वाचला. वाचणारे निघाले परदेशातल्या एका ख्रिस्ती संस्थेचे फादर. त्यांचे चाळीस तरुण कार्यकर्ते इस्पितळांत आणि निर्वासितांच्या छावण्यांत मुलांबरोबर काम करायचे. बऱ्याच मुलांची भाषा त्यांना येत नव्हती. 'भाषा लागणार नाही असं काही शिकवायला याल का?' असं फादरनी पत्रातून विचारलं.

मामाला हे फारच पटलं, कारण चार माणसांसमोर त्याला स्वतःचीच भाषा येत नसे. हातात दोरी असली की ठीक. नसली की बोबडी वळायची. म्हणून मामीने सुट्टीला आलेली तिन्ही भाचरं सोबत पाठवली. मामाला तिने बजावलं, "मुलांकडे लक्ष ठेवा." मग मुलांना आत बोलावून सांगितलं, "मामाकडे लक्ष ठेवा."

तर, सकाळी घाईत विसरायला नको म्हणून मामाने चाळीस दोऱ्यांची ती पिशवी आदल्या संध्याकाळीच चर्चच्या सभागृहाच्या कार्यालयात नेऊन ठेवली होती. इतकी खबरदारी घेतली की वस्तू हरवणारच.

"दहाला तास आहे," मामा खुर्चीत बसत म्हणाला. "झालं. संपलं."

संपलं म्हणजे खरंच संपलं असतं. तीन दिवसांच्या शिबिरातला हा पहिला तास जमला, तर पुढचे दोन दिवसही मामाचे. नाही जमला, तर फुग्यांचे प्राणी करणारा एक माणूस व्हरांड्यात हवा भरायचा पंप मांडीवर घेऊन बसलाच होता. मधूनमधून तो आत डोकावून मामाकडे प्रेमाने बघायचा.

"नवी दोरी आणू या!" तेरा वर्षांच्या ताईने सुचवलं.

"आज दुकानं बंद," अकरा वर्षांचा वकील म्हणाला. तो प्रत्येक गोष्टीवर वाद घालायचा, म्हणून घरात त्याचं हे नाव पडलं होतं. "बुटांच्या नाड्या जोडल्या तर?"

"तोकड्या पडतात रे," मामा कण्हला. "आणि चाळीस माणसांना बूट काढायला कोण सांगणार? मी?"

तिघं पोरं कार्यालयाकडे धावली. व्यवस्थापक टेबलावरच्या पेन्सिली उंचीप्रमाणे लावत होते.

"काका, आमच्या निळ्या पिशवीतल्या दोऱ्या कुणी घेतल्या?" ताईने शाळेतल्या इंग्रजीत विचारलं.

व्यवस्थापकांनी चष्मा काढला. "बाळ, ही प्रार्थनेची जागा आहे. इथे कुणी काही घेत नाही."

"घेत नाही, तर गेल्या कुठे?" वकील म्हणाला.

"तुझं वय काय?"

"त्याचा दोऱ्यांशी काय संबंध?"

ताईने त्याला कॉलर धरून बाहेर काढलं. "सगळीकडे भांडतोस! घरचं राहू दे, परदेशात तरी?"

"विचारलं फक्त!"

आता कार्यकर्ते येऊ लागले होते. निरनिराळ्या गावांहून आलेले, एकमेकांना अनोळखी. म्हणून दारातल्या टेबलावर प्रत्येकाला नावाची एक पाटी मिळत होती आणि ती त्याने गळ्यात घालायची होती. भिंतीवर सूचना होती: 'नावाची पाटी शिबिर संपेपर्यंत कायम जवळ बाळगावी.' तिच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या, आणि त्या पट्टीने मारल्या होत्या.

सगळ्यांत धाकटी टिकली दारापाशी उभी होती. वय नऊ, उंची त्याहूनही कमी. तिच्या डोळ्यांसमोर माणसांचे चेहरे येत नसत, पोटं येत. एक ताडमाड उंच दादा तिच्यापुढे थांबला. त्याची पाटी चक्क पट्ट्याच्या खाली लोंबत होती! मागून आलेल्या बाईंनी दोरीला तीन वेढे दिले होते.

"ताई," टिकली हळूच म्हणाली, "या दादाच्या दोरीला आपला मणी आहे."

"कसला मणी?"

"जळका!"

ताई वाकून बघायला लागली. उंच दादा संकोचून पोट आत घेऊ लागला. दोरीची टोकं काडीपेटीने वितळवून चिमटीत दाबली, की तिथे एक चपटा, टणक मणी तयार होतो. तिघांनी मिळून घरी असे चाळीस मणी केले होते. ताईच्या अंगठ्यावर अजून फोड होता. शंकाच नको!

"आपल्या दोऱ्या!" वकील ओरडला. "सगळ्यांच्या गळ्यात आपल्या दोऱ्या!"

दहाला दोन मिनिटं कमी होती. मामाला मंचावर नेऊन उभं केलं होतं. समोर चाळीस माणसं. मामाने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. फुगेवाला पंप घेऊन उभा राहिला.

"दादा, ही जरा द्याल?" ताईने विचारलं आणि उंच दादाने मान वाकवली. तिने पाटी सोडवून त्याच्या हातात दिली, धावत मंच गाठला आणि दोरी मामाच्या हातात ठेवली.

मामाने मण्यावरून अंगठा फिरवला. त्याचे खांदे खाली आले. मग त्याची बोटं चालू लागली. आधी शिडी झाली. शिडीचं जाळं झालं, जाळ्याचा पक्षी झाला आणि पक्ष्याने पंख हलवले! पहिल्या रांगेतल्या बाई "आई गं!" अशा अर्थाचं काहीतरी त्यांच्या भाषेत ओरडल्या.

"तुमच्याही गळ्यात आहे," ताईने सगळ्यांना सांगितलं. "काढा!"

एकोणचाळीस हात मानेकडे गेले.

"थांबा!" व्यवस्थापक दारातून गरजले. "पाट्या काढायच्या नाहीत! नियम आहे!"

सगळे हात हवेत थांबले. मामाच्या पक्ष्याने मान टाकली.

"काका," वकील शांतपणे म्हणाला, "नियमात 'जवळ बाळगावी' असं आहे. गळ्यात असं नाही. खिशात ठेवली तर जवळच असते ना?"

व्यवस्थापक सूचनेपाशी गेले. त्यांनी ती दोनदा वाचली. ती त्यांनीच लिहिली होती.

"असते," ते म्हणाले.

चाळीस पाट्या खिशांत गेल्या आणि चाळीस दोऱ्या बोटांवर चढल्या. पुढचा दीड तास मामा बोलत होता! अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, "अरे, करंगळीने उचल, करंगळीने!" आणि सगळ्यांना सगळं कळत होतं. फुगेवाला तिसऱ्या रांगेत बसून शेजाऱ्याच्या दोरीचं जाळं विणत होता.

चहाच्या वेळी उलगडा झाला. पाट्यांसाठी मागवलेल्या फितीही निळ्या पिशवीतच होत्या. ती पिशवी कार्यालयाच्या कपाटात होती. "निळी पिशवी घ्या," असं व्यवस्थापकांनी फोनवर सांगितलं होतं, आणि टेबलावरच्या पोरींनी समोर दिसली तीच रिकामी करून परत ठेवली होती.

"चूक माझी," व्यवस्थापक म्हणाले आणि त्यांनी वकिलाशी हात मिळवला. "तू मोठेपणी नियम लिहिणार की मोडणार?"

"आधी वाचणार," वकील म्हणाला.

फादर तिघांना मंचावर घेऊन गेले. "उरलेले दोन्ही दिवस यांच्या मामांचे!" त्यांनी जाहीर केलं. "आणि ते शक्य झालं या मुलांच्या तीक्ष्ण नजरेमुळे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. मामाने खिशातून रुमाल काढून उगाचच चष्मा पुसला.

शिबिर छान पार पडलं. नियम कुणीही मोडला नाही. पाट्या शेवटपर्यंत सगळ्यांच्या खिशात होत्या, त्यामुळे तीन दिवसांत कुणाचंही नाव कुणाला कळलं नाही.