शेवटच्या पानाचा मालक

कुवेतच्या सालमियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये शुक्रवारचं जेवण वर्तमानपत्रावर व्हायचं. जमिनीवर पानं पसरायची, मधे सुरमईचं पातेलं, दोन्ही बाजूंना मी आणि राजाभाऊ. मी इंग्रजी दैनिकात उपसंपादक. फावल्या वेळात विनोदी सदर लिहायचो. ते सांडलेलं कालवण चांगलं शोषतं, असं राजाभाऊचं मत. तो मालवणचा सुतार. कफील, म्हणजे नोकरीचा हमीदार, असो वा दवाखाना, समोरचा बोट ठेवेल तिथे न वाचता सही करायचा. अरबी कागद वाचणार कोण?

साल १९९८. आमचे मुद्रितशोधक यूसुफचाचा इस्पितळात होते. मूळचे रंगूनचे. ब्रह्मदेशातल्या वर्तमानपत्रांचा इतिहास लिहीत होते: कुठलं कधी निघालं, मालक कोण, चौसष्टच्या सुमारास सरकारने कसं गिळलं. ते नोकरीला होते ते पत्रही त्यातच गेलं. गुरुवारी मला ड्यूटी, म्हणून राजाभाऊ त्यांना तांदळाची पेज घेऊन गेला. परतला तो चाचांच्या त्या पत्राच्या अंकांचा गठ्ठा आणि एक वही घेऊन. चाचांनी वहीत बोट ठेवलं, याने सही केली. संध्याकाळी चाचा गेले.

शुक्रवारी राजाभाऊने गठ्ठ्यातला वरचा अंक पसरला. पातेलं टेकवताना मला शेवटच्या पानाच्या तळाची ओळ दिसली. मालकाचं नाव छापतात ती. तिथे राजाभाऊचं पूर्ण नाव होतं, गावासकट.

वर काळ्या चौकटीत त्याचा फोटो. तारखेची जागा कोरी.

"ह्यो मीच मां?" तो म्हणाला. "पण ह्यो शर्ट मी अजून घालूक नाय."

शर्ट रविवारच्या विमानासाठी घेतलेला. चार वर्षांनी तो गावी बायकोकडे, नर्मदावहिनींकडे निघाला होता. शर्ट कपाटात, दुकानाच्या पिशवीत होता.

मी वही उघडली. पत्र बंद झाल्यानंतरचे सहा मालक. प्रत्येकाची 'मिळालं' म्हणून सही, पुढे मृत्यूची तारीख. सहावे चाचा. त्यांच्यापुढे कालची तारीख होती. अक्षर त्यांचंच.

सातवी सही राजाभाऊची.

गठ्ठ्यात चौसष्टनंतरचा, त्या प्रत्येक मालकाचा, तशाच चौकटीतल्या फोटोचा एकेक अंक निघाला. चाचांच्या फोटोत खांद्यावर इस्पितळाची चादर होती.

कुणीतरी थट्टा केली आहे, असं मी म्हटलं. थट्टेतलं मला कळतं. त्यावर माझं सदर चालायचं.

राजाभाऊ कपाटाकडे बघत होता. "माका घराक जाऊक मिळात मां?"

मालक होण्याची हौस कुठल्या उपसंपादकाला नसते? वहीत त्याच्या सहीखाली 'मिळालं' लिहून मी सही केली.

पान पुन्हा पाहिलं.

तळाला माझं नाव.

चौकटीत टकला, गालफडं बसलेला म्हातारा. निळ्या चौकड्यांचा शर्ट. चेहऱ्यावर हसू नाही.

मी तेव्हा अठ्ठेचाळीस. डोक्यावर भरपूर केस. हायसं वाटलं.

राजाभाऊ रविवारी गेला. आज त्याला नातवंडं आहेत. गठ्ठा माझ्याकडे, ठाण्याला. कुणाला हात लावू देत नाही.

परवा साठी झाली. सून रसिकाने शर्ट आणला. निळ्या चौकड्या.

लहान होईल, म्हटलं. बरोबर बसला.

तिने मोबाइल धरला. मी दात दिसतील इतका हसलो. गाल दुखेपर्यंत.

तिने फोटो पाहिला.

"बाबा," ती म्हणाली, "एकदा तरी हसा ना."