उशाचा गोटा

दार नुसतं लोट गं, कडी नको लावूस. दिवा इकडे सरकव आणि चहा घे. तू ल्यारीच्या या वस्तीत नवीन राहायला आलीस म्हणून तुला सांगते, नाहीतर या गल्लीत सगळ्यांना सगळं माहीत आहे आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप आहे. हो, चिडलेलीच आहे मी. त्या किनाऱ्यावरून आल्यापासून एक दिवस असा गेला नाही की माझं डोकं थंड होतं.

आम्ही तिघंच गेलो होतो. मी, माझी अम्मा आणि माझा दीर दिलमुराद, म्हणजे आमचा दिलू. माझा भाऊ शहदाद या दिलूच्याच होडीवर मासेमारीला जायचा. एका खेपेला होडी परत आली, दिलू परत आला, जाळंही परत आलं. शहदाद नाही आला. आमच्यात प्रवासातून आलेला माणूस आधी हालहवाल देतो. कुठून निघालो, कोण भेटलं, वाटेत काय घडलं, सगळं सांगतो, मगच पाणी पितो. दिलूनं अम्मापुढे बसून एवढंच सांगितलं, "लाट आली, घेऊन गेली." मान खाली घालून सांगितलं आणि पाणी मागितलं.

पुढे बर्फाच्या ट्रकवाल्यानं निरोप आणला. ओरमाऱ्याच्या अलीकडे एका किनाऱ्यावर सबझल नावाचा म्हातारा कोळी राहतो. त्याला एक प्रेत सापडलं होतं, दंडावर अम्मानं बांधलेला ताईत होता. त्यानंच माती दिली होती. अम्मानं ते ऐकलं आणि हट्टच धरला. मला माझ्या लेकाची कबर दाखवा, एकदा हात फिरवते, मग मरायला मोकळी. माझा नवरा मस्कतला, म्हणून गाडी चालवायला दिलूच उरला. किती टाळाटाळ केली त्यानं! आज होडीचं काम, उद्या पोट दुखतंय. शेवटी मी त्याच्या बायकोसमोर नको नको ते बोलले, तेव्हा तयार झाला.

समुद्र डाव्या हाताला ठेवून निघालो. कुंद मलीरला सहलीवाल्यांची झुंबड उडाली होती, उंटावर बसून फोटो काढत होते. तिथं थांबलो नाही. पुढे बुझीच्या घाटात ते खडक लागले, वाऱ्यानं कोरलेले. एक झुडूप नाही, एक पाखरू नाही. नुसते उभे खडक, आणि बघावं तो समुद्राकडे तोंड करून. एक तर अगदी बाईसारखा.

दिलूनं गाडी थांबवून त्याला सलाम ठोकला. "भाभी, बघ, हुबेहूब तू! तोंडसुद्धा तसंच फुगलेलं."

"गाडी चालव, दिलू."

अम्मा खिडकीतून बघत होती. "हिलाही कुणी खरा हालहवाल दिलेला दिसत नाही," ती म्हणाली. दिलूचं हसू तिथंच आटपलं.

डांबर सोडून वाळूतून किनाऱ्यावर पोचलो तेव्हा दुपार उतरली होती. माणूस नव्हता. लाटांचा आवाजसुद्धा दबका, घरात कुणी झोपलं असलं की आपण बोलतो तसा. सबझलची झोपडी उघडी होती, तो पाण्यावर गेला असणार. अम्मानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी कणीक मळायला घेतली, तापल्या गोट्याला लपेटून निखाऱ्यावर भाजायची आमची रोटी करायला.

"गोल गोटे आण," मी दिलूला म्हटलं, "कोरडे बघून."

तो शीळ घालत टेकाडामागं गेला आणि चादरीत तीन गोटे घेऊन आला. "आयते रचून ठेवलेत तिकडे. चांगले तेवढे उचलले, बाकीचे दिले ढकलून." मी कणकेच्या नादात, नीट ऐकलंच नाही. एका गोट्यावर पांढरा पट्टा होता.

दोन रोट्या छान फुलल्या. तिसरी, पट्ट्याच्या गोट्याची, नुसती सूं सूं करत होती. वास येत होता तो रोटीचा नव्हता. होडीच्या तळाला साचलेलं पाणी कुजतं ना, त्याचा होता. मी कणकेत बोट खुपसलं. आत गोटा गार होता.

"हा तापवला नव्हतास?"

"सगळ्यांबरोबरच तापवला की! जाऊ दे भाभी, तुझ्या हातचं कच्चंही चालतं." त्यानं तुकडा मोडून तोंडात टाकला. त्याच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं. खारं पाणी, चांगलं घोटभर.

तेवढ्यात सबझल टोपली घेऊन वर आला. त्यानं ना सलाम केला, ना हालहवाल विचारला. तो गोट्याकडेच बघत राहिला.

"हा... कुठून आणला?"

दिलूनं टेकाडाकडे बोट दाखवलं.

"कबरीच्या उशाचा गोटा आहे तो. समुद्रानं टाकलेले तीन जण आहेत तिकडे. ताईतवाला पोरगा कोणता, ते या पट्ट्यावरूनच कळायचं..."

आम्ही टेकाडामागं धावलो. दगड चहूकडे विखुरलेले, आणि वाऱ्यानं वाळू सारवल्यासारखी सपाट केलेली. सबझल इकडून तिकडे फिरला, वाकला, पुन्हा फिरला. त्यालाही सांगता येईना.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मुडद्या! जिवंतपणी नाही आणलास, आता मेलेलाही ठेवला नाहीस!"

"मला काय माहीत? दगड म्हणजे दगड!" तो ओरडला. "काय पाटी लावली होती का..." आणि त्याला खोकला लागला. खोकला कसला, नुसतं पाणी येत होतं तोंडातून.

अम्मा मागून हळूहळू आली. पट्ट्याचा गोटा तिनं ओढणीत धरला होता. ती दिलूसमोर वाळूत बसली आणि घरी परतलेल्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली, "आलास? दे बाबा, हालहवाल दे."

दिलूनं मान वर केली. "म्हातारे, जेवलीस का?"

आवाज दिलूचाच होता. पण दारातून शिरताना अम्माला असं विचारणारा एकच होता, माझा शहदाद.

"जाळं ओढताना तोल गेला, म्हातारे... दोरी धरून होतो मी. लाट नव्हती. एवढीशीही नव्हती. मी म्हटलं, दिलू, ओढ. तो म्हणाला, तुला ओढू का जाळं ओढू? जाळं जाईल... आणि सुरी काढली त्यानं. दोरी कापली. मी उजाडेपर्यंत हाका मारत होतो..."

मग दिलूनं तोंड पुसलं. "काय झालं? अशा काय बघताय माझ्याकडे?"

त्याच्याच गाडीतून परत आलो आम्ही, दुसरा इलाज काय होता? त्याची सीट थेट घरापर्यंत निथळत होती.

तो गोटा अम्मानं घरी आणला. तेव्हापासून दर शुक्रवारी ती त्याला कणीक लपेटते, निखाऱ्यावर ठेवते, आणि कच्ची, गार, पाण्यानं भरलेली रोटी मी दिलूकडे पोचवते. तो नाही म्हणत नाही. उंबऱ्यावर बसून रडत रडत शेवटच्या घासापर्यंत खातो. मी समोर उभी राहून बघते. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटतं.

आजचीच गोष्ट सांगायची होती तुला. आज रोटी भाजली. खरपूस! घरभर गव्हाचा वास सुटला. गोट्यानं अम्माचं बोट पोळलं. तिनं गोटा उलटसुलट करून पाहिला आणि मला म्हणाली, "दुरी, तो आता यात नाही गं. निघाला. पळ, दिलूला सांगून ये, आज होडी काढू नकोस म्हणावं."

हे सांगून बराच वेळ झाला. मघाशी इंजिनांचा आवाज आला ना, त्या होड्याच होत्या, दिलूचीही त्यातच. निघाल्या. मी काही उठले नाही.

चहा गार होतोय तुझा. आणि दार लोटलेलंच असू दे. तिकडचं आटपलं की तो इकडेच येईल, आल्या आल्या विचारेल, जेवलीस का. अम्मानं त्याच्यासाठी अर्धी रोटी झाकून ठेवली आहे.