सी थ्रीचा कोंबडा

महादेवी अक्का म्हंजी धाराशिवची खाजगी डिटेक्टिव्ह. जीप हाकायला हिंमतराव, रिटायर हवालदार. दोघं माकणीला उतरली तवा गायिका शिवलीला दुकानाच्या दारातच उभी होती. फोन तिनंच केलेला.

"अक्का, विरेशला सकाळपासून कोंडलंय."

दुकान शरणबसप्पांचं. किराणा पुढं, मागं त्यांच्याच गाण्याच्या पार्टीची रेकॉर्डिंगची खोली. भिंतीला अंड्याचे ट्रे ठोकलेले, खिडकी न्हाय, दाराला बाहेरून कुलूप. काचेपल्याड विरेश, पार्टीत काठ्यांनी इलेक्ट्रॉनिक पॅड वाजवणारा, बनियन भिजवून बसलेला.

"पंखाबी बंद केलाय," त्याचा आवाज माईकवरनं बाहेरच्या स्पीकरात आला. "म्या काय केलं न्हाय, अक्का."

शरणबसप्पा डब्यावरली नावाची चिठ्ठी पोत्यावरल्या चिठ्ठीशी जुळवत होते. एक उपटून त्यांनी दुसरी चिकटवली, मगच बोलले.

"काल तेर गावात देवीचं गाणं. संबळ वाजायचा तिथं कोंबडा आरवला. मग भोंगा, मग कुत्रं. लोक हसून लोळले. ह्याला दुसऱ्या पार्टीत जायचंय, म्हणून केलं. कबूल करू द्या. न्हायतर जिल्ह्यातल्या समद्या पार्ट्यांच्या ग्रुपवर टाकतो. कुठंच उभं करणार न्हायत त्याला."

"पॅडमधलं कळतं तुम्हाला?"

"मीच आणला हैदराबादहून. पयला महिनाभर मीच बडवला."

"आन शेजारी झोपले न्हाईत," शिवलीला पुटपुटली. "मी तर मशिनीला हात लावत न्हाय. एकदा शॉक बसलाय."

लॅपटॉपवाला बंडप्पा कोपऱ्यात नखं खात होता.

"पॅडवर काठी मारली की एक नंबर जातो," त्यानं सांगितलं. "त्या नंबराचा आवाज लॅपटॉप काढतो. कोंबडा, कुत्रं असले गमतीचे आवाजबी त्यातच भरलेत, खालच्या नंबरांवर. दोन वर्सं झाली, जोडणी आमा दोघांचीच. परवा हितंच झकास वाजलं. मग पॅड अन् लॅपटॉप दुकानात ठेवून आमी घरी गेलो. तेरला पोचायला उशीर, थेट गाणंच सुरू केलं."

अक्कानं पॅड लावून घेतला. पडद्यावर आलं: ४८, सी थ्री. लॅपटॉपवर संबळाच्या पट्टीला सुराचं नाव: सी थ्री.

"दोन्हीकडं सारखंच की," हिंमतराव म्हणाले. "मंजी लॅपटॉप बिघडला."

अक्कानं लॅपटॉपवरली पट्टी दाबली. संबळ कडाडला. पॅडवर काठी मारली. कोंबडा आरवला.

"मायला," हिंमतराव म्हणाले.

अक्का पॅडचा नंबर एकेक वाढवत गेली. साठवर थांबली. पडद्यावर नाव आलं सी फोर. काठी मारली, संबळ. पॅडाचे बाकीचे सात चौकोनबी तिनं तसेच तपासले.

"आता नावं जुळत न्हाईत, आन संबळ वाजतोय. हिंमतराव, तुळजापुरात एका लॉजवाल्याचा पयला मजला जमिनीवर असतो, शेजारच्याचा जिना चढून वर. उंची तीच, मजल्याचा आकडा येगळा. ह्या मशिनींचं तसंच हाय. साठ नंबरला लॅपटॉप सी थ्री म्हणतो, पॅड सी फोर. नंबर खरा. नाव ज्याच्या त्याच्या मनाचं."

"मंग केलं कुणी?"

"घात करणाऱ्यानं एखादा आकडा कसाबी फिरवला असता. हितं आठीच्या आठी चौकोन बरोबर बारा पट्ट्यांनी खाली आलेत, पेटीवरलं एक सप्तक. कुणीतरी बसून एकेक नाव लॅपटॉपशी जुळवलंय. विरेश अन् बंडप्पा असलं करणार न्हाईत, नावं जुळत नसतात हे त्यांना दोन वर्सं म्हाईत हाय. शिवलीला हात लावत न्हाय. राहिला कोण? ज्याला पॅड चालवता येतो, दुकानात रात्रभर मशिनी ज्याच्या ताब्यात होत्या, आन दोन चिठ्ठ्या येगळ्या दिसल्या की ज्याला राहवत न्हाय."

समद्यांनी शरणबसप्पांच्या बोटाकडं बघितलं. बोटाला चिठ्ठी चिकटलेली.

बराच वेळ ते ती झटकत राहिले, पर सुटंना.

"मला वाटलं पोरांनी चुकवलंय," ते म्हणाले. "म्या बरंच करायला गेलो."

त्यांनी कुलूप काढलं. विरेश उठला न्हाय.

"भाईर येऊन काय करू? तेरची माणसं मलाच कोंबडा म्हणत्यात."

शरणबसप्पा आत गेले, त्याच्या खांद्याला हात लावून त्याला उठवलं आन स्वतः माईकसमोर बसले. फोन काढून समद्या पार्ट्यांचा ग्रुप उघडला. विरेश बाहेर आला आन त्यानं दार ओढून घेतलं.

"विरेश, पंखा तरी लाव, बाबा."

"आधी बोला, अण्णा."

स्पीकर खरखरला.

"मी शरणबसप्पा, माकणी. काल तेरला जो कोंबडा आरवला, तो मीच."