जागा पुरत न्हाय

शिरोलीच्या त्या आवारात विकायला उभ्या केलेल्या तीन वापरलेल्या कॅराव्हॅनकडे संयोगिताबाईंनी बाजार उठताना उरलेली वांगी बघावीत तसं बघितलं.

पहिली पांढरीशुभ्र होती. आत जांभळे दिवे, छताला आरसा, भिंतींना मखमल.

"हितं झोपायचं का वरात काढायची?" त्या म्हणाल्या.

दुसरी फायबरची. बोटातल्या अंगठीनं त्यांनी तिच्या कुशीवर टकटक केलं. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. "एक दगड लागला की पापडागत फुटंल. पुढं."

गाड्या विकणारा सम्राट तिशीतला होता, कडक इस्त्रीचा. "मावशी, ह्या सगळ्या ऑफरोडसाठीच बनवल्यात," तो म्हणाला.

"ऑफरोड म्हंजे रस्ता न्हाई तिथं जायचं, एवढंच न्हवं? आमच्या लहानपणी रस्ता हुताच कुठं? बैलगाडीला कुणी माहितीपत्रक छापलं न्हवतं."

त्यांचा मुलगा विजयसिंह कानकोंडा झाला. त्यानं सहा महिने मोबाईलवर डोंगरदऱ्यांतून उड्या मारणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघून डोळ्यांखाली काळं करून घेतलं होतं. दाराशी भल्यामोठ्या चाकांची जीप होती आणि त्या चाकांना आजवर लागलेला सगळा चिखल रंकाळ्याच्या पार्किंगमधला होता. सून क्रांती जमिनीपासून गाडीची उंची किती, हे फोनवर शोधत होती. समोर गाडी उभी असताना वाकून बघायचं सोडून फोनवर! संयोगिताबाईंना या पिढीचा राग येत नसे. रागावण्याइतकीसुद्धा तिची लायकी त्यांना वाटत नव्हती.

उद्यमनगरात आण्णांच्या शेडमध्ये उसाच्या ट्रॉल्या बांधल्या जायच्या तेव्हा त्या रोज तिथं बसत. आण्णा, म्हणजे त्यांचे यजमान. धुरा कुठला मोडतो, चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे कधी बसतात, कुठला जोड नुसताच रंगवलेला असतो, हे त्यांना भाकरीच्या पिठाइतकं कळे. उसाचा हंगाम संपला की आण्णा शेडमधल्या सगळ्या माणसांना घेऊन पाटगावच्या वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळपठारावर, मुक्कामाला जात. वर आभाळ, खाली तो काळा कातळ, तीन दगडांची चूल आणि वाटेवरून जाणाऱ्या प्रत्येकाला आण्णांची हाक: "या की जेवायला!" तसली जेवणं पुन्हा झाली नाहीत. तसली माणसंही.

गेल्या वर्षी आण्णांना झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. तेव्हापासून ते खिडकीशी बसून पश्चिमेकडे बघत. डॉक्टरांनी बजावलं होतं, की जमिनीवर झोपवायचं नाही, पलंग पाहिजे, जवळ संडास पाहिजे. तंबूचा प्रश्नच नव्हता. मग संयोगिताबाईंनीच ठरवलं, चाकावरचं घर घ्यायचं. आण्णांना एकदा त्या सड्यावर न्यायचं आणि जसेच्या तसे घरी परत आणायचे. बाकी कुणाची हौस फिटो न फिटो.

तिसरी कॅराव्हॅन कोपऱ्यात होती. मातकट रंगाची, पोलादी पत्र्याची, दिसायला ओबडधोबड. संयोगिताबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या, खाली डोकं घालून बराच वेळ बघत राहिल्या. दुहेरी पाटे. जाड धुरा. वेल्डिंगची रेघ एकसारखी.

"ही बांधल्याली हाय," त्या उठत म्हणाल्या. "बाकीच्या नुसत्या चिकटवल्यात."

जीपमध्ये बसवून ठेवलेल्या आण्णांना उचलून आत बसवलं. भिंतीलगत लांब बाक, समोर घडीचं टेबल, पलीकडे तसाच दुसरा बाक. चहा आला. आण्णांनी डाव्या हातानं कप उचलला, पण तोंडाला लावायच्या आधी समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघून म्हणाले, "या… घ्या."

सगळे हसले. वाचा गेली तरी आण्णांचे हे दोन-चार शब्द तेवढे शाबूत राहिले होते. समोरच्याला 'या' म्हटल्याशिवाय त्यांनी जन्मात घास गिळला नव्हता. दवाखान्यात सलाईन लावायला आलेल्या नर्सलासुद्धा ते "या जेवायला" म्हणाले होते.

मात्र आज त्यांनी आणखी एक केलं. डाव्या हातावर भार देऊन ते थोडे खिडकीकडे सरकले आणि शेजारची गादी तळव्यानं साफ केली. कुणाला तरी बसायला करून द्यावं तशी.

खाली उतरल्यावर संयोगिताबाईंनी सम्राटला विचारलं, "एवढी चांगली गाडी पयल्या मालकानं इकली का?"

सम्राट घुटमळला. "इकली न्हाय. आणून लावली आन् किल्ली टाकून गेला. एकदाच नेलती त्यानं. जागा पुरत न्हाय म्हणाला."

"घरात माणसं किती?"

"एकटाच हुता, मावशी."

"मग गाडी न्हाई, डोकं लहान पडलं असंल त्याचं," संयोगिताबाई म्हणाल्या आणि आण्णांची चाकांची खुर्ची ढकलत जीपकडे निघाल्या.

सौद्याआधी सड्यावर एक मुक्काम करून बघायचं ठरलं. सम्राटनं कॅराव्हॅन जीपला जोडून दिली आणि गाडी चालू असताना आत कुणी बसू नये, असं दोनदा सांगितलं. संयोगिताबाईंनी ते ऐकलं आणि आण्णांना आत बाकावर बसवून स्वतः त्यांच्यासमोर बसल्या. उसाच्या ट्रॉलीत बसून अख्खी गावं जत्रेला जातात. इथं तर गादी होती.

दिवाळी होऊन गेली होती. गारगोटीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली, हवेत मळीचा आंबूस वास. बिद्री ओलांडल्यावर चहाला थांबले. आण्णांनी कप उचलला, दाराकडे बघितलं आणि म्हणाले, "या." पुन्हा थोडे सरकले.

"सारखं काय सरकताय? पडशीला की," संयोगिताबाईंनी त्यांना मधोमध ओढून घेतलं. पण जरा वेळानं बघितलं तर ते पुन्हा कडेला होते.

पुढे चढ नव्हता तरी जीप कण्हायला लागली. विजयसिंहानं एका खासगी वजनकाट्यावर गाडी घेतली. जीप काट्याच्या पुढे उतरवली आणि कॅराव्हॅन तेवढी वर ठेवली. आण्णांना आतच राहू दिलं, बाकीचे खाली उभे राहिले. आकडा आला तो गाडीच्या पाटीवर लिहिलेल्या रिकाम्या वजनापेक्षा चांगला अडीच-तीन क्विंटल जास्त.

"आण्णा धरून पण एवढं कसं?" क्रांती म्हणाली.

"काटा मारतोय ह्यो," संयोगिताबाई काटेवाल्याच्या तोंडावर म्हणाल्या. "शेतकऱ्याला मारून सवय झालीया, आता पावण्यांना बी सोडंना."

"आजी, मारायचा झाला तर आम्ही कमी दावतो," काटेवाला शांतपणे म्हणाला. "जास्त दावून मला काय मिळणार?"

संयोगिताबाई पाठ फिरवून गाडीत चढल्या. जीप पुढे निघाली.

पाटगाव मागे पडलं, डांबर संपलं. खडकाळ वाटेवर जीप हेलकावे खाऊ लागली, पण कॅराव्हॅननं कुठं दम टाकला नाही. आपली निवड चुकली नाही, म्हणून संयोगिताबाई खूश होत्या. समोर आण्णा खिडकीच्या काचेला खांदा लावून बसले होते आणि मधूनमधून मान हलवत होते. कुणाचं तरी लांबलेलं बोलणं ऐकताना हलवतात तशी.

सडा होता तसाच होता. काळा कातळ, त्यावर वाळून पिवळं पडलेलं गवत, लांब एक झाड. माणूस नाही, जनावर नाही. दुपारचं लख्ख ऊन. संयोगिताबाईंना भरून आलं. त्यांनी आण्णांना खिडकीतून दाखवलं, "बघा, आलो."

आण्णांनी बाहेर बघितलं नाही. ते शेजारी बघत होते.

विजयसिंह आणि क्रांती गाडी सपाट करायला बाहेर जॅक लावत होते. संयोगिताबाईंनी डबा सोडला. भाकरी, पिठलं, खर्डा, कांदा. आण्णांचं ताट वाढलं.

आण्णांनी घास उचलला. टेबलाभोवती सावकाश नजर फिरवली.

"या जेवायला," ते म्हणाले.

बाहेरून विजयसिंह ओरडला, "आई, जागा सपाट हाय, तरी गाडी डावीकडंच बसतीया! आत काय हलवलंस?"

आण्णांचा बाक डावीकडे होता.

संयोगिताबाईंनी नीट बघितलं. आण्णा वडापच्या जीपमध्ये कोंबलेल्या माणसासारखे काचेला चिकटले होते. मान वाकडी, कोपर पोटात. आणि त्यांच्या शेजारी, रिकाम्या बाकावर, गादी दबलेली होती. त्याच्या पलीकडे परत दबलेली. समोर, संयोगिताबाईंच्या स्वतःच्या मांडीला लागूनही.

भर उन्हात ओल्या घोंगडीचा वास येत होता.

त्यांनी हात लांब करून शेजारच्या गादीवर ठेवला. गादी गरम होती.

"जागा पुरत न्हाय," आण्णा म्हणाले.

वर्षभरात त्यांनी उच्चारलेलं हे पहिलं नवं वाक्य होतं. स्वच्छ, न अडखळता. आणि डावा हात टेबलावर रोवून ते उठायला लागले.

संयोगिताबाईंना एका क्षणात कळलं. पंक्तीत पाहुणे जास्त झाले की आण्णा असेच आपलं ताट पुढे सारून उठायचे. पाहुण्याला उठा म्हणायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती. उठायचं ते यजमानानं.

त्यांनी आण्णांचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि टेबलावर दाबून ठेवला.

"उठा!" त्या ओरडल्या. आण्णांकडे न बघता, त्या दबलेल्या गाद्यांकडे बघत. "लाज वाटत न्हाई? आजारी माणसाच्या उरावर बसताय! कोन तुमी, कुठलं? त्ये म्हणत्यात या, म्हणून बसायचं व्हय? उठा सगळी. उतरा खाली. एकबी हितं ऱ्हायचं न्हाई!"

काही झालं नाही. बाहेर जॅकचा आवाज थांबला.

मग पाटे कुरकुरले.

दाराची लोखंडी पायरी दबली आणि वर आली.

पुन्हा दबली. पुन्हा वर आली.

गाद्या एकेक करून फुगत होत्या. गाडी हळूहळू उजवीकडे येत सरळ होत होती. संयोगिताबाई आण्णांचा हात धरून होत्या. हात उबदार होता, जागच्या जागी होता. त्यामुळे त्यांना भीती वाटली नाही. उलट चीडच आली. कसली ही फुकटी जमात!

सगळ्यात शेवटी जो उतरला त्याला वेळ लागला. तो एक पाय ओढत गेला. पत्र्यावर फरफट ऐकू आली, पायरी जास्त वेळ दबून राहिली.

"आता ह्या लंगड्याला कुणी बोलावलंतं?" संयोगिताबाई पुटपुटल्या.

पायरी वर आली.

"आई!" बाहेरून विजयसिंहाचा आनंदी आवाज आला. "आपोआप सरळ झाली की गं गाडी!"

मुक्काम त्यांनी मोडला. कारण सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. परत फिरताना जीप हलकी पळत होती. काट्यापाशी विजयसिंह पुन्हा थांबला. सकाळसारखीच कॅराव्हॅन तेवढी काट्यावर, आण्णा आत, बाकीचे खाली. आकडा आला तो पाटीवरच्या वजनाशी तंतोतंत जुळला.

"बघ," संयोगिताबाई काटेवाल्याला म्हणाल्या. "आता कसा बरूबर दावला?"

"रिकामी हाय न्हवं गाडी?" त्यानं विचारलं.

"डोळं फुटलं का तुझं? मालक बसल्यात आत."

काटेवाल्यानं खिडकीतल्या आण्णांकडे बघितलं, मग आकड्याकडे. संयोगिताबाई परत आत जाऊन बसल्या, पण यावेळी त्यांनी आण्णांचा हात धरला नाही. आण्णा बाकाच्या मधोमध, पाठ ताठ करून बसले होते.

राजारामपुरीत घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. विजयसिंह चाकांची खुर्ची काढायला मागे गेला, तेवढ्यात आण्णा आपले आपण पायरी उतरले. आधार न घेता, पाय न ओढता. फाटक उघडून चालत दारापर्यंत गेले. क्रांतीनं दोन्ही हात तोंडावर धरले. विजयसिंहाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

दारावर पितळी पाटी होती, आण्णांच्या नावाची. ती त्यांनी सावकाश वाचली, पत्ता शोधत आलेला माणूस वाचतो तशी. मग वळून संयोगिताबाईंना नमस्कार केला.

"आण्णा हायत का घरात?" त्यांनी विचारलं.

"आई, बोललं! आण्णा बोललं!" विजयसिंह रडत-हसत ओरडला.

संयोगिताबाई फाटकाशीच थांबल्या. "न्हाईत," त्या म्हणाल्या. "सड्यावर ऱ्हायल्यात."

"मग बसतो की," तो म्हणाला. "येतील सावकाश."

आणि पायातल्या चपला काढून त्यानं उंबऱ्याबाहेर शेजारी-शेजारी नीट लावून ठेवल्या.